पुतळीवरचा ख्रिस्त आणि सराफाची कसोटी

महाराष्ट्रातील स्त्रियांच्या पारंपरिक अलंकारांत पुतळ्यांच्या माळेला मोठा मान आहे. सोन्याच्या पातळ, गोल मुद्रा ओवून केलेली ही माळ पूर्वी घरची पत सांगत असे आणि अडीअडचणीला तीच उपयोगी पडत असे. आज सराफाच्या पेढीवर मिळणाऱ्या पुतळ्यांवर बहुधा लक्ष्मीची आकृती असते. परंतु ‘पुतळी’ हे मूळचे दागिन्याचे नाव नव्हे. ते एका परदेशी नाण्याचे नाव आहे. मोल्सवर्थच्या शब्दकोशातही या शब्दाचा एक अर्थ सोन्याचे नाणे असाच दिलेला आढळतो. कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत शिवछत्रपतींच्या खजिन्यातील नाण्यांची जी यादी दिली आहे, तीत मोहरा आणि होन यांच्या पंक्तीला पुतळ्याही बसल्या आहेत.

हे नाणे इटलीतील व्हेनिस या सागरी प्रजासत्ताकाचे. त्याच्या एका बाजूला संत मार्क उभे असून व्हेनिसचा राज्यप्रमुख त्यांच्यापुढे गुडघे टेकून त्यांच्या हातून ध्वज स्वीकारीत आहे. दुसऱ्या बाजूला बदामी आकाराचे तेजोवलय आहे, त्यात तारका आहेत आणि त्या तारकांच्या मध्ये शुभवर्तमानाचा ग्रंथ घेऊन, उजव्या हाताने आशीर्वाद देत प्रत्यक्ष प्रभू येशू ख्रिस्त उभा आहे. हे नाणे भारतात आले तेव्हा येथील सामान्य माणसाला त्यावरील लॅटिन अक्षरे वाचता येत नव्हती आणि ती आकृती कोणाची हेही ठाऊक नव्हते. त्याने एक उभी, लहानशी, बाहुलीसारखी आकृती पाहिली आणि नाण्याला ‘पुतळी’ म्हटले. अशा रीतीने ज्यांना ख्रिस्ताचे नावही माहीत नव्हते अशा घरांतील स्त्रियांनी ख्रिस्ताची प्रतिमा पिढ्यान्‌पिढ्या गळ्यात मिरवली.

ही हकीकत मनोवेधक आहेच. पण या लेखाचा हेतू तेवढ्यावर संपत नाही. जगात ज्या नाण्यांच्या फार मोठ्या प्रमाणावर नकला झाल्या, त्यांत या नाण्याची गणना होते. त्यामुळे त्याचा इतिहास हा खऱ्याखोट्याच्या पारखीचाही इतिहास झाला आहे. आज जुन्या नाण्यांच्या नावाखाली साध्याभोळ्या कुटुंबांची फसवणूक होत असताना तो जाणून घेणे उपयोगाचे ठरेल.

दुकातचा जन्म

इ. स. १२५२ मध्ये फ्लॉरेन्स नगराने ‘फ्लोरिन’ हे सोन्याचे नाणे काढले. त्याच्या एका बाजूस लिलीचे फूल व दुसऱ्या बाजूस त्या नगराचे आश्रयदाते संत योहान बाप्तिस्ता होते. व्हेनिसचा व्यापार फ्लॉरेन्सहून मोठा, परंतु त्याचे नाणे चांदीचे. अखेर १२८४ साली, जोव्हान्नी दांदोलो हा ‘दोज’ म्हणजे राज्यप्रमुख असताना, व्हेनिसने फ्लोरिनच्या तोडीचे सुवर्णनाणे पाडण्याचा निर्णय घेतला. त्याचे वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या मापाने सुमारे साडेतीन मासे. सोने त्या काळच्या कारागिरांना साधेल तितके शुद्ध, जवळजवळ चोवीस कॅरेटचे. ज्याला आपण बावनकशी म्हणतो तेच.

ख्रिस्ताच्या आकृतीभोवती लॅटिन लेख असे. हे ख्रिस्ता, ज्या राज्यावर तुझी सत्ता आहे ते तुलाच अर्पण असो, असा त्याचा भावार्थ. राज्य या अर्थाचा ‘दुकातुस’ हा शब्द त्या लेखाच्या शेवटी येतो आणि ‘दुकात’ हेच या नाण्याचे नाव झाले. पुढे त्याला ‘झेक्किनो’ असेही म्हणू लागले. हा शब्द ‘झेक्का’ म्हणजे टाकसाळ यावरून आला, आणि ‘झेक्का’चे मूळ अरबी ‘सिक्का’ म्हणजे ठसा या शब्दात आहे. आपला ‘शिक्का’ही त्याच कुळातला. पुतळी आपल्याकडे परकी म्हणून आली खरी, परंतु तिच्या दुसऱ्या नावाची भावंडे आपल्या भाषेत आधीपासून नांदत होती.

या नाण्याचे खरे वैशिष्ट्य त्याच्या सातत्यात आहे. दोज बदलले, युद्धे झाली, इतर राजांनी गरज पडताच आपल्या नाण्यांतील सोने कमी केले. व्हेनिसने मात्र १७९७ साली नेपोलियनपुढे प्रजासत्ताक कोसळेपर्यंत, म्हणजे पाचशेहून अधिक वर्षे, दुकातचे वजन, शुद्धता व रूप यांत जवळजवळ बदल केला नाही. दर कारकिर्दीत बदलत असे ते केवळ दोजचे नाव. व्हेनिसच्या टाकसाळीत पुढे कितीतरी कुशल कारागीर होऊन गेले. त्यांना याहून सुबक ख्रिस्त कोरता आला नसता असे नाही. परंतु अलेक्झांड्रियाचा मिरीचा व्यापारी किंवा सुरतेचा सराफ नाण्यावरची अक्षरे वाचत नाही, तो त्याचे ओळखीचे रूप पाहतो, हे व्हेनिसने जाणले होते. रूप बदलले की विश्वास डळमळतो. म्हणून ते ओबडधोबड रूपच जपले गेले.

पूर्वेकडचा प्रवास

मिरी, लवंग, जायफळ आणि कापड यांच्या मोबदल्यात युरोपकडे देण्यासारखा माल थोडा होता. सोने आणि चांदी पूर्वेकडे वाहत राहिली. व्हेनिसची जहाजे अलेक्झांड्रियाला जात. तेथून दुकात तांबड्या समुद्रामार्गे गुजरात आणि मलबारच्या बंदरांत उतरत असे. त्याचा दरारा एवढा होता, की १४२५ साली इजिप्तचा मामलूक सुलतान बार्सबाय याने आपले नवे सोन्याचे नाणे दुकातच्या वजनाला जुळवून काढले. १८८२ साली भरूच येथे सापडलेल्या प्रसिद्ध नाणेसंचात मामलूक सुलतानांच्या सुवर्णनाण्यांसोबत व्हेनिसचे दुकातही निघाले.

दक्षिणेकडे या नाण्याला आणखी एक गमतीचे नाव मिळाले. तमिळ व मल्याळी मुलखात त्याला ‘शाणार काशू’ म्हणत. शाणार म्हणजे ताडी काढणारा. दोजच्या हातातील क्रूसध्वजाचा दांडा लोकांना ताडाच्या झाडासारखा दिसला आणि गुडघे टेकलेला दोज हा झाडावर चढू पाहणारा शाणार वाटला. मनुष्य अपरिचित वस्तूत आपले परिचित जग पाहतो, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

पोर्तुगीज अमलात गोव्याच्या बाजारातही व्हेनिसचे नाणे चालत होते. गोव्याच्या आर्चबिशपांच्या पदरी चिटणीस म्हणून १५८३ ते १५८८ या काळात राहिलेला यान हुयखेन व्हान लिन्सखोटेन हा डच गृहस्थ तेथील चलनाचे तपशीलवार वर्णन करतो. त्या बाजारात पोर्तुगीज, व्हेनिशियन, तुर्की आणि देशी अशी नाना नाणी एकाच वेळी फिरत होती, आणि रस्त्यारस्त्यांवर सराफ बसलेले असत. ते उगाच नव्हते. जेथे अनेक टाकसाळींची नाणी एकत्र येतात, तेथे खोटे नाणे शिरण्यास वाव असतो आणि पारख करणाराशिवाय व्यवहार चालत नाही. मराठेशाहीत हेच काम पोतदारांकडे असे. ‘नाणे वाजवून घ्यावे’ आणि ‘खणखणीत नाणे’ हे आपल्या भाषेतील प्रयोग त्याच जगातून आले आहेत.

नक्कल आणि खोट

ज्या नाण्यावर सर्वांचा विश्वास, त्याचीच नक्कल होते. दुकातच्या नकला त्याच्या जन्मानंतर लवकरच सुरू झाल्या. मात्र त्या सर्वांना एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे होईल. त्यांचे निदान तीन वर्ग करावे लागतात.

पहिला वर्ग उघड अनुकरणाचा. रोमच्या सिनेटने दुकातच्या धर्तीवर नाणे काढले, परंतु त्यावर संत मार्कच्या जागी संत पेत्र आणि दोजच्या जागी रोमचा सिनेटर घातला. ऱ्होड्स बेटावरील संत योहानाच्या सरदारसंघानेही व्हेनिसचाच नमुना घेऊन त्यावर आपल्या प्रमुखाला आणले. ही नाणी आपले मूळ लपवीत नाहीत. चांगल्या गोष्टीचे अनुकरण करून ती आपल्या नावाने उभी राहतात.

दुसरा वर्ग अलंकारासाठी केलेल्या नकलांचा. भारतात पुतळ्यांची मागणी एवढी होती, की व्हेनिसहून येणाऱ्या नाण्यांनी ती भागेना. सोनारांनी येथेच ठसे कोरून पुतळ्या पाडल्या. सोनाराला लॅटिन येत नव्हते. त्याने अक्षरांचे चित्र काढले. एकाच्या ठशावरून दुसऱ्याने आणि दुसऱ्याच्या ठशावरून तिसऱ्याने नक्कल केली तशी अक्षरे झिजत गेली. शेवटी उरल्या त्या नुसत्या उभ्या-आडव्या रेघा आणि ठिपके. संत मार्क आणि दोज दोन समान बाहुल्या झाल्या. ख्रिस्ताचे तेजोवलय टिंबांची नक्षी झाले. या पुतळ्यांना खोटी नाणी म्हणावे काय? ज्या सोनाराने सांगितलेल्या कसाचे सोने घातले आणि ती दागिना म्हणून विकली, त्याने कोणाला फसविले नाही. आज अशा पुतळ्या संग्राहक आवडीने जमवितात, कारण एका देशाची प्रतिमा दुसऱ्या देशात रुजताना कशी बदलते याचा त्या पुरावा आहेत.

तिसरा वर्ग मात्र खोटाच. व्हेनिसचे रूप, व्हेनिसच्या दोजचे नाव आणि आत हलके सोने, किंवा सोन्याचा पातळ मुलामा दिलेले तांबे. पूर्व भूमध्य समुद्राच्या प्रदेशात आंद्रेआ दांदोलो (१३४३–१३५४) या दोजच्या नावाने पाडलेल्या नकला पुष्कळ सापडतात. त्यांतील काही चांगल्या सोन्याच्या असल्या तरी कित्येक वजनाने किंवा कसाने उतरलेल्या आहेत.

ख्रिस्तसभेचा निवाडा

खोट्या नाण्याकडे ख्रिस्तसभेने केवळ राजाचा अपराध म्हणून पाहिले नाही. ११२३ साली भरलेल्या पहिल्या लॅटरन महासभेने जाणूनबुजून खोटे नाणे पाडणाऱ्याला व ते जाणूनबुजून चालविणाऱ्यालाही श्रद्धावंतांच्या समुदायातून बहिष्कृत ठरविले. अशा माणसाचे वर्णन करताना महासभेने त्याला गरिबांवर जुलूम करणारा म्हटले आहे, ही बाब विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे.

गरिबांवरच जुलूम का? श्रीमंत व्यापाऱ्यापाशी तराजू होता, कसोटी होती, पदरी पारखी होता. खोटे नाणे त्याच्या हाती आले तर तो ते लगेच ओळखी आणि बाजूला सारी. ते हातोहात फिरत शेवटी अशाच्या हाती जाऊन थांबे, ज्याला ते ओळखता येत नव्हते: मजूर, मोळीविकी, विधवा. दिवसभराच्या कष्टाचे मोल घेऊन ती धान्याच्या दुकानी जाई आणि दुकानदार नाणे वाजवून परत करी. खोट्या नाण्याचा सगळा तोटा असा सर्वांत दुबळ्या माणसाच्या पदरात पडतो.

पोप बाविसावे योहान यांनी १३१७ साली किमयागारांविरुद्ध फर्मान काढले. कृत्रिम सोने करून ते खरे म्हणून खपविणाऱ्यांनी तेवढेच खरे सोने सरकारी खजिन्यात भरावे आणि अपराधी धर्मगुरू असेल तर त्याने आपले वृत्तिपद गमवावे, अशी त्यात तरतूद होती. त्याच सुमारास कवी दान्ते आपल्या महाकाव्यात फ्लोरिनमध्ये तीन कॅरेट हीण मिसळणाऱ्या आदाम नावाच्या कारागिराला नरकात पाठवितो. हा आदाम काल्पनिक नव्हे. या गुन्ह्यासाठी त्याला १२८१ साली जाळण्यात आले होते. व्हेनिसच्या चांदीच्या नाण्याची नक्कल करणाऱ्या सर्बियाच्या राजालाही दान्तेने सोडलेले नाही. नक्कल करणारा सोनार असो की सिंहासनावरचा राजा, अपराध एकच, असा त्याचा निवाडा आहे.

चार कसोट्या

चांगले, कसलेले सराफ व्हा, अशा आशयाचे एक वचन प्रभू येशूच्या नावावर फार प्राचीन काळापासून प्रचलित आहे. ते चारही शुभवर्तमानांत नाही; परंतु अलेक्झांड्रियाचा क्लेमेंत, ओरिजेन अशा आरंभीच्या धर्मपंडितांनी त्याचा उल्लेख केला आहे. पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात योहान कासियन याने मिसरच्या वाळवंटातील तपस्व्यांची जी संभाषणे लिहून ठेवली, त्यांत मोशे नावाचे एक वृद्ध तपस्वी याच वचनाचा आधार घेऊन मनात येणारे विचार कसे पारखावेत हे शिकवितात. त्यासाठी ते सराफाच्या चार कसोट्या सांगतात. उपदेश आत्म्याविषयी असला तरी या कसोट्या मुळात नाण्याच्या आहेत, आणि आजही एखादी जुनी पुतळी हाती आली तर त्याच क्रमाने जाता येते.

पहिली कसोटी धातूची: सोने खरे की नुसती पितळेची चकाकी? सराफाचा काळा कसोटीचा दगड हे काम शतकानुशतके करीत आला आहे. वस्तूला धक्का न लावता करण्याजोगी दुसरी परीक्षा आर्किमिडीजच्या तत्त्वावर आधारलेली आहे. नाणे आधी हवेत तोलावे, मग दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवून तोलावे. हवेतील वजनाला दोन वजनांतील फरकाने भागले की विशिष्ट गुरुत्व मिळते. शुद्ध सोन्याचे ते सुमारे १९.३, चांदीचे १०.५ आणि तांब्याचे ८.९ असते. मुलामा दिलेले तांबे येथे लपत नाही. अलीकडे बऱ्याच पेढ्यांवर क्ष-किरणांच्या साहाय्याने कस सांगणारे यंत्रही असते. परंतु ते मुख्यतः पृष्ठभाग पाहते, म्हणून वजनाची जोड हवीच.

दुसरी कसोटी प्रतिमेची: नाण्यावरचा चेहरा खऱ्या राजाचा की तोतयाचा? पुतळीच्या बाबतीत गुडघे टेकलेल्या आकृतीमागील अक्षरे पाहावीत. ती वाचता आली आणि त्यांत पाओलो रेनिएर (१७७९–१७८९) किंवा लुदोव्हिको मानिन (१७८९–१७९७) अशा एखाद्या दोजचे नाव लागले, तर नाणे त्याच कारकिर्दीचे असण्याची शक्यता उभी राहते. अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा असतील तर ती सोनाराची पुतळी.

तिसरी कसोटी टाकसाळीची: राजाची प्रतिमा खरी असली तरी नाणे अधिकृत टाकसाळीत पडले आहे काय? याचे उत्तर घडणीत सापडते. दुकात दोन ठशांमध्ये सोन्याची चकती ठेवून, वर हातोड्याचा घाव घालून पाडला जाई. त्यामुळे आकृतीच्या कडा ठसठशीत येतात, परंतु घाव थोडा तिरपा बसल्याने नाणे क्वचितच पूर्ण गोल व मध्यावर असते. खोटे नाणे पुष्कळदा साच्यात ओतलेले असते. भिंगातून पाहिल्यास त्यावर बारीक खळगे दिसतात, आकृतीच्या कडा मेणासारख्या मऊ वाटतात आणि काठावर साच्याच्या सांध्याची रेघ किंवा ती घासल्याची खूण राहते. सारख्याच ओरखड्याची दोन नाणी एका माळेत आढळली तर दोन्ही एकाच साच्यातून निघाली असे खुशाल समजावे. खऱ्या नाण्यांना ओरखडे वेगवेगळ्या हातांत पडतात.

चौथी कसोटी वजनाची: नाणे खरे, परंतु झिजून किंवा कातरून हलके झाले आहे काय? जुन्या काळी लोभी माणसे नाण्याच्या कडा कातरीने छाटून सोने गोळा करीत. नाणे खरेच राही, पण पूर्ण राहत नसे. कासियनच्या तपस्व्याला हीच कसोटी सर्वांत सूक्ष्म वाटत असावी, कारण माणसाच्या सद्‌गुणांचेही बहुधा असेच होते. ते खोटे नसतात. कडेने छाटलेले असतात.

चूक आणि दर्जा

नाणेसंग्राहकांच्या जगात चुकीला मोल असते, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटते. यंत्राच्या टाकसाळीत लक्षावधी नाणी एकसारखी पडतात. त्यांतून एखादे ठशाखाली सरकून अर्धवट छापले जाते. एखाद्याच्या चकतीचा तुकडा आधीच कापलेला असतो. कधी आधीचे नाणे ठशाला चिकटून राहते आणि पुढच्या चकतीवर त्याची उलटी, आत गेलेली प्रतिमा उमटते. अशी नाणी तपासणीतून निसटली तर ती दुर्मिळ म्हणून जपली जातात. परंतु टाकसाळीची चूक आणि नंतर केलेली मोडतोड यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दोन नाणी शेगड्यात दाबून किंवा अॅसिडमध्ये बुडवून ‘दुर्मिळ चूक’ तयार करता येते. टाकसाळीत चूक झालेल्या नाण्याचा प्रत्येक भाग त्या चुकीशी सुसंगत असतो. मागाहून बिघडविलेल्या नाण्यावर मूळ आकृती आधी नीट उमटलेली आणि मग चिरडलेली दिसते. हातोड्याने पाडलेल्या दुकातच्या बाबतीत तर थोडा तिरपेपणा ही चूक नसून कुळाची खूणच आहे.

दर्जाचा प्रश्न यापुढचा. नाणे खरे ठरल्यावर ते किती चांगल्या स्थितीत आहे यावर त्याचे मोल ठरते. १९४९ साली विल्यम शेल्डन याने अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी श्रेणी मांडली. पुढे ती सर्वच नाण्यांना लावली जाऊ लागली आणि १९८६–८७ पासून अमेरिकेत नाणे पारखून, श्रेणी देऊन, प्लॅस्टिकच्या बंद डबीत घालून देणाऱ्या संस्था निघाल्या. सोय झाली, मात्र आता डब्याही खोट्या निघतात. म्हणून जाणत्यांचा सल्ला असा, की डबी विकत घेऊ नये, नाणे विकत घ्यावे.

माळेतून आलेल्या पुतळ्यांवर कडी जोडल्याची खूण असते, छिद्र असते किंवा छिद्र बुजविल्याचा डाग असतो. संग्राहकाच्या लेखी त्यामुळे किंमत कमी होते. घरच्या माणसाच्या लेखी मात्र तीच खूण त्या पुतळीचे चरित्र सांगते. एक गोष्ट दोघांनीही पाळावी: जुने नाणे चिंच, राख किंवा पावडर लावून घासू नये. चकाकी येते, पण पृष्ठभागावरचा इतिहास पुसला जातो आणि तो पुन्हा मिळत नाही.

आजची खोटी नाणी

अलेक्झांड्रियाच्या बाजारातला लबाड आज नाहीसा झाला आहे असे नाही. त्याने आपली पेढी फोनवर मांडली आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १८१८ किंवा त्याहून जुने साल आणि हनुमान अथवा रामदरबार यांची आकृती असलेली तांब्या-पितळेची ‘नाणी’ अनेकांनी पाहिली असतील. ती तांदूळ ओढून घेतात, त्यांत दैवी शक्ती आहे, परदेशी कंपन्या त्यांना कोट्यवधी रुपये देतात, अशा बतावण्या करून ती विकली जातात. कंपनीने हनुमान किंवा रामदरबार यांची नाणी कधीच काढली नाहीत. ज्या ‘अर्ध्या आण्या’चे नाव त्यांवर घातलेले असते, ते कंपनीचे एकसमान नाणे १८३५ च्या चलनसुधारणेनंतरचे. म्हणजे साल आणि मूल्य यांचाच मेळ बसत नाही. मोशे तपस्व्यांच्या तिसऱ्या कसोटीला हे नाणे क्षणभरही टिकत नाही.

याउलट प्रकारही आहे. घरातले एखादे साधे, कालपरवापर्यंत चलनात असलेले नाणे लाखो रुपयांना घेतो असे सांगून, त्यासाठी आधी ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘कर’ भरायला लावायचा आणि नाहीसे व्हायचे. काही भामटे यासाठी रिझर्व्ह बँकेचे नाव आणि चिन्ह वापरू लागले. तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने जाहीर केले, की जुन्या नाणी-नोटांच्या खरेदी-विक्रीत ती पडत नाही, त्यासाठी कोणाकडून शुल्क वा दलाली मागत नाही आणि तिने तसा अधिकारही कोणाला दिलेला नाही. येथे नाणे खरे असते; खोटा असतो तो गिऱ्हाईक. आणि येथेही बळी जातात ते ज्यांना पैशाची निकड आहे असेच लोक: निवृत्त वृद्ध, कर्जात बुडालेला तरुण, मुलीच्या लग्नाच्या चिंतेत असलेली आई. लॅटरन महासभेचे शब्द नऊशे वर्षांनीही शिळे झालेले नाहीत.

ज्या कुटुंबांत खरोखरच जुनी पुतळी वा अन्य नाणे आहे, त्यांनी घाई करू नये. घासू नये, वितळवू नये. वजन आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे घेऊन ठेवावीत आणि एकाऐवजी दोन जाणकारांना दाखवावे. कायदाही माहीत असावा. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार परदेशी नेण्यास मनाई आहे. जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास ते जिल्हाधिकाऱ्यांना कळविण्याचे बंधन १८७८ च्या निखात निधी कायद्याने घातलेले आहे. शेत नांगरताना किंवा विहीर खणताना नाण्यांचे मडके लागले तर ते गुपचूप वाटून घेणे हा अपराध आहेच, शिवाय त्यात इतिहासाचीही हानी आहे. एकत्र सापडलेली नाणी एकमेकांची साक्ष देतात. ती विखुरली की सर्वच मुकी होतात.

व्हेनिसचे राज्य गेले, दोज गेले, त्यांचा व्यापारही गेला. उरला तो दुकातचा लौकिक. तो ना सुंदर कोरीवकामामुळे मिळाला, ना त्यावरील पवित्र प्रतिमेमुळे. प्रतिमा तर खोट्या दुकातवरही तीच होती. मुलामा दिलेल्या तांब्यावरही ख्रिस्त आशीर्वादाचा हात उंचावून उभाच होता. फरक पडला तो प्रतिमेखाली काय आहे यामुळे. पाचशे वर्षे, कोणी तपासो वा न तपासो, आत ठरलेले सोने ठरल्या वजनाने भरले जात राहिले. नाण्यावर ख्रिस्ताचे नाव घालणे टाकसाळीला एका दिवसात जमते. त्या नावाला साजेसे सोने रोज भरणे, तेही वाचता न येणाऱ्या गरिबाच्या हाती ते जाणार असताना, हे अवघड. बाप्तिस्म्याने ज्यांच्यावर हाच शिक्का उमटला आहे, त्या आपणा सर्वांना पुतळी हेच विचारते आहे.